आधी मोजा, मग पाना लावा

महाराष्ट्रात कुठल्याही महामार्गाला लागा, गाव संपता संपता एक टपरी दिसतेच. पाटी ठरलेली: 'सेल्फ-डायनामो रिपेअरिंग, बॅटरी चार्जिंग'. बाहेर चार्जिंगला लावलेल्या दोन-तीन बॅटऱ्या, आत टेबलावर उघडून ठेवलेली तांब्याची कॉइल. त्या टेबलावर आता डायनामो क्वचितच येतो, येतो तो अल्टरनेटर. नाव मात्र जुनंच राहिलं. नाव राहायला काही हरकत नाही, पण नावाबरोबर त्या काळातल्या सवयीही राहिल्या आणि त्या आजच्या गाड्यांना महागात पडतात.

हे मला एका पावसाळ्यात कळलं. ताम्हिणी घाट उतरताना आमच्या जुन्या डिझेल एसयूव्हीच्या मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा मिणमिणायला लागला. दिवसा दिसणार नाही, अंधारात मात्र स्पष्ट कळेल इतपतच. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये निकाल लागला: "साहेब, डायनामो गेला. बदलावाच लागेल." बदलला. चौथ्या रात्री दिवा पुन्हा तसाच मिणमिणत होता. शेवटी मीटर घेऊन घरच्या अंगणात बसलो. अल्टरनेटरवर १४.३ व्होल्ट होते आणि बॅटरीवर १२.८. मधले दीड व्होल्ट एका थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकावरच्या धातूच्या कडीत, अडकले होते. अल्टरनेटरकडून येणाऱ्या जाड वायरीचं टोक रबराच्या टोपीखाली हिरवं पडून सडलं होतं. जुना अल्टरनेटर ठणठणीत होता.

तेव्हापासून अल्टरनेटर तपासायचं आणि बदलायचं काम मी घरीच करतो. थोडी हत्यारं आणि एक मोकळी सकाळ एवढ्यावर ते होतं, विशेषतः जुन्या, साध्या बांधणीच्या एसयूव्हीत. पण पाना हातात घ्यायच्या आधी मल्टिमीटर घ्यायचा, हा नियम मी मोडत नाही. तो का मोडू नये, हे समजण्यासाठी आत काय चालतं ते थोडं पाहायला हवं.

डायनामो आणि अल्टरनेटर

जुन्या विलीज जीपमध्ये, ॲम्बॅसडरमध्ये, फियाटमध्ये खरोखरीचा डायनामो असे. त्यात चुंबक स्थिर आणि तारांचं आर्मेचर फिरतं. तयार झालेली सगळी वीज फिरत्या कम्युटेटरवरून कार्बनच्या ब्रशांमार्गे बाहेर काढावी लागे. सगळा प्रवाह कार्बनमधूनच जात असल्यामुळे ते झिजत, ठिणग्या पडत, आणि गाडी आयडलिंगला उभी असताना वीज जवळजवळ मिळतच नसे. बॅटरीतली वीज उलटी डायनामोत शिरू नये म्हणून वेगळा 'कटआऊट' लावावा लागे.

अल्टरनेटरने ही रचना उलटी केली. यात चुंबक फिरतं आणि तारा स्थिर राहतात. मधला रोटर म्हणजे एका कॉइलभोवती बसवलेले लोखंडाचे दोन पंजे. बोटांत बोटं गुंफावीत तसे ते एकमेकांत गुंतलेले असतात. कॉइलला वीज दिली की एका पंजाची बोटं उत्तर ध्रुव होतात, दुसऱ्याची दक्षिण. ते फिरू लागले की भोवतीच्या स्थिर गुंडाळ्यांत, म्हणजे स्टेटरमध्ये, वीज निर्माण होते. फिरत्या भागाला फक्त चुंबक जागं ठेवण्यापुरती वीज लागते, साधारण ३ ते ५ अँपिअर. कार्बनमधून एवढीच जाते, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतात. मोठा प्रवाह स्थिर भागातून थेट बाहेर पडतो.

मात्र ही वीज दिशा बदलणारी, तीन फेजची असते, आणि बॅटरीला तर एकाच दिशेची वीज लागते. ते काम डायोड करतात. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. साध्या रचनेत असे सहा डायोड एका प्लेटवर बसवलेले असतात. बॅटरीची वीज उलटी येणंही तेच थांबवतात, त्यामुळे कटआऊटची गरज संपली. सिलिकॉनचे दणकट डायोड स्वस्त झाले तेव्हाच अल्टरनेटर मोटारीत येऊ शकला. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० सालच्या व्हॅलियंट मोटारीत तो दिला, आणि नंतर जगभर डायनामो हळूहळू मागे पडला.

उरला रेग्युलेटर. इंजिन ८०० फेऱ्यांवर असो की ४०००, बॅटरीला १४ व्होल्टच्या आसपासच वीज हवी. रेग्युलेटर रोटरच्या कॉइलला जाणारी वीज क्षणाक्षणाला कमीजास्त करतो आणि व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.५ च्या पट्ट्यात धरून ठेवतो. बहुतेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवरच, कार्बनसकट एका डबीत असतो.

आता त्या लाल दिव्याकडे वळू. पारंपरिक रचनेत तो दिवा बॅटरी आणि अल्टरनेटर यांच्या मधोमध जोडलेला असतो. चावी फिरवली की बॅटरीची थोडी वीज दिव्यातून जाऊन रोटरला जागं करते, म्हणून दिवा लागतो. अल्टरनेटर चालू झाला की दोन्ही बाजूंचं व्होल्टेज सारखं होतं आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा 'अल्टरनेटर गेला' असं सांगतच नाही, तो एवढंच सांगतो की दोन बाजूंत फरक आहे. आमच्या गाडीत तो फरक सडलेल्या थिंबलने निर्माण केला होता. अल्टरनेटर निर्दोष होता आणि दिवाही बरोबर होता, चुकीचा होता तो आम्ही काढलेला अर्थ.

निदानाचे आकडे

साधा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. ती रिकामी असेल तर आधी बाहेरच्या चार्जरने भरा, मग पुढचं मोजमाप करा.

आता इंजिन चालू करून मोजा. १३.८ ते १४.५ आलं तर चार्जिंग होत आहे. आकडा १२.५ च्या आसपासच अडकला तर वीज पोहोचत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशा वेळी गाडी चालवू नका, कारण बॅटरी उकळते आणि दिवे व कॉम्प्युटर धोक्यात येतात.

तिसरं मोजमाप भार टाकून करायचं. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर चालू करा आणि इंजिन १५०० ते २००० फेऱ्यांवर ठेवा. १३.५ च्या वर टिकलं तर अल्टरनेटरची ताकद शाबूत आहे.

बहुतेक लोक जिथे थांबतात, तिथून खरं निदान सुरू होतं. भार तसाच ठेवून मीटरची एक तार अल्टरनेटरच्या मुख्य बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर लावा. पट्टा आणि पंखा फिरत असतात, म्हणून ओढणी, सैल बाही आणि मीटरच्या तारा लांब ठेवा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत यायला हवा. मग अल्टरनेटरचं धातूचं अंग आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजा, तो ०.२ च्या आत हवा. पहिला जास्त असेल तर दोष जाड वायरीत किंवा फ्यूजच्या जोडात, दुसरा जास्त असेल तर दोष अर्थिंगमध्ये. कोकणातली खारी हवा आणि घाटावरचा चिखल या दोन जागा आधी खातात. सँडपेपर आणि नवं थिंबल एवढ्यावर सुटणाऱ्या दुखण्यासाठी अख्खे अल्टरनेटर बदलले जातात.

शेवटी मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. ०.५ व्होल्टच्या वर एसी दिसलं तर एखादा डायोड गेला आहे. त्याच्या इतर खुणाही असतात. रेडिओत इंजिनबरोबर चढणारी कुईं ऐकू येते, किंवा रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि सकाळी थंड इंजिनावर अल्टरनेटर तेवढा कोमट लागतो. कारण उघड्या राहिलेल्या दारातून बॅटरी रात्रभर त्यात रिकामी होत असते.

एक सवय मात्र कायमची सोडा. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी बंद पडली नाही तर 'डायनामो चांगला' म्हणायचं, ही परीक्षा अजूनही घेतली जाते. पूर्वीच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं, म्हणून ती खपून गेली. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरी अचानक बाजूला झाली तर त्याचं व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि संरक्षण नसेल तर १०० व्होल्टपर्यंतही जाऊ शकतं. बॅटरी हीच ती उसळी पिऊन टाकणारी गादी असते. ती काढून घेतली की धक्का थेट डायोडना, रेग्युलेटरला आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला बसतो. परीक्षेच्या नावाखाली चांगला अल्टरनेटर मारायचा आणि मग तो बदलायचा, असं होतं.

पावसाळी रात्रीचा हिशेब

अल्टरनेटर मोजून चांगला निघतो, तरी बॅटरी वरचेवर उतरते, अशीही तक्रार असते. तिथे प्रश्न जमाखर्चाचा असतो.

जुलैची रात्र धरा, घाटात वाहनं अडकली आहेत. ५५ वॅटचे दोन हॅलोजन डिपर मिळून ९ अँपिअर, मागचे-बाजूचे दिवे आणि मीटर ३, वायपर ५, ब्लोअर १५, एसीचा क्लच ४, मागचा डिफॉगर १५, इंजिनचा कॉम्प्युटर आणि इंधनाची यंत्रणा १०, गाणी आणि मोबाइल ४. बेरीज ६५. रेडिएटरचा पंखा विजेवरचा असेल तर तो लागल्यावर आणखी २०. म्हणजे ८५. गाडीगणिक आकडे थोडे बदलतील, पण चित्र हेच राहील.

अल्टरनेटरवर '९० अँपिअर' छापलेलं असतं. तो आकडा अल्टरनेटर मिनिटाला ६००० फेऱ्या घेत असतानाचा असतो. इंजिनची पुली मोठी आणि अल्टरनेटरची लहान असल्यामुळे तो इंजिनच्या अडीच ते तीन पट वेगाने फिरतो. ८०० च्या आयडलिंगला त्याला मिळतात २००० ते २४०० फेऱ्या, आणि तेवढ्यात तो छापील आकड्याच्या निम्म्याच्या आसपास वीज देतो, म्हणजे ४५ ते ५०. त्यात इंजिनच्या उष्णतेने तांबं तापलं की आकडा आणखी उतरतो. ८५ खर्च आणि ४८ जमा, उरलेले ३७ बॅटरीतून. अर्ध्या तासात १८ अँपिअर-तास गेले, म्हणजे ७० अँपिअर-तासाच्या बॅटरीचा चौथा हिस्सा. हायवेला २००० फेऱ्यांवर धावू लागलं की अल्टरनेटर जवळपास पूर्ण ताकदीने हे भरून काढतो. पण जी गाडी रोज फक्त शहरात, थांबत थांबत, दहा मिनिटं धावते तिची भरपाई कधीच होत नाही.

असा हिशेब मांडल्यावरच मोठा अल्टरनेटर हवा की नको ते ठरतं. कधी डिफॉगर दहा मिनिटांनी बंद करणं पुरतं, तर कधी खरोखरच क्षमता वाढवावी लागते.

अंगणात काढताना

पुढची पद्धत जुन्या, उभ्या इंजिनाच्या डिझेल एसयूव्हीची आहे. बोल्टांच्या जागा गाडीप्रमाणे बदलतील, क्रम बदलणार नाही.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हातातलं कडं, अंगठी, धातूचं घड्याळ काढून ठेवा. पट्टा कुठून कुठे जातो याचा मोबाइलवर फोटो काढा. मग सगळ्यात आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. शेवटी लावायचाही तोच. याला कारण आहे. अल्टरनेटरचा मुख्य बोल्ट बॅटरीच्या पॉझिटिव्हला कायम जोडलेला असतो, चावी बंद असली तरी. निगेटिव्ह न काढता त्या बोल्टला पाना लावला आणि पान्याचं दुसरं टोक इंजिनाला टेकलं, तर शेकडो अँपिअर त्या पान्यातून वाहतात. त्यात हात भाजतो, पाना जागीच चिकटू शकतो आणि आगही लागते.

आता टेन्शनरचा किंवा ताणाचा बोल्ट ढिला करून पट्टा उतरवा. पट्ट्याला आतून भेगा असतील, कडा चकाकत असतील तर तो पुन्हा लावू नका. अल्टरनेटरच्या मागची रबराची टोपी सरकवून मुख्य वायर काढा. लहान प्लगला कुलूप असतं, ते दाबून काढा, वायर ओढून नको. प्रत्येक वायरीला कागदी पट्टी चिकटवून नाव लिहा.

इथे जुन्या डिझेल गाड्यांची एक खासियत येते, आणि ती माहीत नसेल तर जिवाशी गाठ आहे. पेट्रोल इंजिनात हवा थ्रॉटलने अडवली जाते, त्यामुळे आत निर्वात तयार होतो आणि त्यावर ब्रेकचा बूस्टर चालतो. पारंपरिक डिझेल इंजिनात हवा अशी अडवलेली नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या डिझेल जीप आणि एसयूव्हींत तो अल्टरनेटरच्याच पाठीवर, त्याच दांड्यावर बसवलेला असतो. त्याला इंजिनमधून ऑइलची बारीक नळी येते, ऑइल परत नेणारी जाड नळी असते आणि ब्रेककडे जाणारा होज असतो. अशा गाडीत अल्टरनेटर काढणं म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेला हात लावणं आहे. खाली ट्रे ठेवा, नळ्यांवर खुणा करा, बोल्टखालचे तांब्याचे वॉशर नवे घ्या. पंपाचं ऑइल सील गळत असेल तर ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरून कार्बन आणि प्लेट खराब करतं. अशा वेळी नुसता अल्टरनेटर बदलून काही महिन्यांत तोच बिघाड परत येतो. नवा पंप बसवताना त्यात चार-सहा थेंब नव्हे, दोन चमचे इंजिन ऑइल घाला, म्हणजे पहिल्या फेऱ्या कोरड्या पडणार नाहीत.

मग खालचा लांब बोल्ट आणि वरचा ताणाचा बोल्ट. अल्टरनेटर साधारण ५ ते ७ किलोचा असतो. शेवटचा बोल्ट काढताना एक हात खाली ठेवा, नाहीतर तो रेडिएटरवर किंवा बोटांवर येतो.

जुना आणि नवा सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवून जुळवा. बोल्टांच्या भोकांतलं अंतर, पुलीवरच्या खाचा, पुलीचा व्यास, प्लगच्या पिना, मुख्य बोल्टची दिशा हे सगळं बघा. पुली पट्ट्याच्या रेषेत एक-दोन मिलिमीटर जरी इकडेतिकडे असली तरी पट्टा ओरडतो आणि लवकर तुटतो. नव्या डिझेल गाड्यांत बऱ्याचदा एकाच दिशेने पकडणारी पुली असते. रोटर धरून ती फिरवली तर एकीकडे मोकळी फिरते, दुसरीकडे पकडते. डिझेल इंजिनाचे धक्के पट्ट्यापर्यंत पोहोचू नयेत म्हणून ती दिलेली असते. स्वस्त पडते म्हणून तिच्या जागी साधी पुली लावली की पट्टा थरथरतो आणि टेन्शनरचं आयुष्य घटतं.

बसवताना ब्रॅकेट आणि अल्टरनेटरचे कान चकाकेपर्यंत घासा, कारण अर्थिंग तिथूनच मिळतं. बोल्ट आधी हाताने फिरवा, मग पान्याने. ताणाचा साधा पट्टा असेल तर दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबून तो १० ते १२ मिलिमीटर खाली जायला हवा. फार ढिला असेल तर घसरतो, फार ताठ असेल तर बेअरिंग खातो. मुख्य वायरीचा नट घट्ट करा, टोपी पुन्हा चढवा, आणि निगेटिव्ह शेवटी लावा.

इंजिन चालू करण्याआधी बॅटरी चार्जरने भरलेली असू द्या. मेलेल्या बॅटरीवर नवा अल्टरनेटर जोडून गाडी पळवली तर तो पहिल्याच तासात पूर्ण ताकदीने तापत राहतो. त्याचं काम भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्याचं आहे. मग वरची सगळी मोजमापं पुन्हा घ्या. व्हॅक्यूम पंप असेल तर मिनिटभर इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असतानाच ब्रेक तीन-चारदा दाबा. पेडल मऊ आणि नेहमीसारखं जाणवल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नका. नळ्यांवर ऑइल दिसत नाही ना, तेही पाहा.

मोठा बसवायचा असेल तर

'जास्त अँपिअरचा लावला तर वायरिंग जळेल' ही भीती अर्धी खरी आहे. अल्टरनेटर वीज ढकलत नाही, उपकरणं लागेल तेवढी ओढतात. व्होल्टेज तेच राहिलं तर १३० अँपिअरच्या अल्टरनेटरवरही ५५ वॅटचा दिवा ५५ वॅटच घेतो. खरी अर्धी बाजू अशी की भार वाढला किंवा बॅटरी रिकामी असली तर ज्या वायरीतून ९० जायचे तिच्यातून आता १३० जाऊ शकतात.

याचा हिशेब सोपा आहे. दोन मीटर लांबीची ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १२० अँपिअरला ०.७ व्होल्ट खाते आणि ८४ वॅटची उष्णता सोडते. बॉनेटखाली एक मोठा बल्ब वायरीच्या पोटात पेटवल्यासारखं ते आहे. २५ चौरस मिलिमीटरची तेवढीच वायर ०.१७ व्होल्ट खाते आणि २० वॅट सोडते. म्हणून मोठा अल्टरनेटर म्हणजे त्याच्याबरोबर जाड केबल आणि त्याच मापाचं अर्थिंग, इंजिन ते चॅसिस आणि बॅटरी ते चॅसिस दोन्ही. केबल अस्सल तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल बाजारात सर्रास मिळते, ती दिसते तेवढी वीज वाहत नाही. आणि नव्या केबलला बॅटरीजवळ योग्य मापाचा फ्यूज हवाच. केबल कुठे घासून बॉडीला लागली तर आग लावणारी ताकद बॅटरीची असते. मूळ फ्यूज लिंक वितळते म्हणून तिथे जाड तार जोडणं हा तर गुन्हाच समजावा.

पट्ट्याचाही विचार करा. १४ व्होल्टवर १३० अँपिअर म्हणजे १८२० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास धरली तर इंजिनाकडून सुमारे ३००० वॅट, म्हणजे चार अश्वशक्ती घ्यावी लागते. जुना एकेरी व्ही-पट्टा हा भार घेताना घसरू लागतो. अनेक खाचांचा चपटा पट्टा असेल तर अडचण कमी. सगळ्यात बिनधोक वाट म्हणजे त्याच इंजिनाच्या वरच्या मॉडेलवर कंपनीने दिलेला मोठा अल्टरनेटर, कारण त्याचे कान, पुली आणि प्लग जुळण्याची शक्यता जास्त. घेताना विक्रेत्याला छापील आकडा विचारू नका. गरम असताना, आयडलिंगला किती देतो ते विचारा, कारण तुमची अडचण त्याच क्षणाची आहे.

कशासाठी घ्यायचा हेही स्पष्ट असू द्या. चिखलातून गाडी ओढणारी विंच पूर्ण जोरात ४०० अँपिअरही घेते. तेवढं कुठलाच अल्टरनेटर देत नाही, ते काम चांगल्या बॅटरीचं आहे. प्रवासातल्या फ्रिजला ४-५ अँपिअर लागतात, त्यासाठी मोठा अल्टरनेटर नको. दुसरी लिथियम बॅटरी लावणार असाल तर मात्र सावध राहा. ती रिकामी असताना मिळेल तेवढी वीज ओढत राहते आणि आयडलिंगला अल्टरनेटर भाजून निघतो. मधे डीसी-डीसी चार्जर लावा.

आणि अल्टरनेटर खरोखर गेलाच असेल, तरी दर वेळी नवाच घ्यावा असं नाही. कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर, डायोडची प्लेट हे सगळे भाग सुटे बदलता येतात. महामार्गावरच्या त्या टपरीतल्या कारागिराचं खरं कौशल्य तिथे आहे आणि ते जपण्यासारखं आहे. फक्त त्याच्याकडे जाताना 'गाडीला काय झालंय बघा' म्हणून जाऊ नका, मोजलेले आकडे घेऊन जा.

कुठे थांबायचं

काही गाड्यांत हे काम घरी करू नये. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत अल्टरनेटर इंजिनच्या कॉम्प्युटरच्या आज्ञेत असतो. गरजेनुसार तो व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो. तिथे धावताना १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटर गेला असं म्हणता येत नाही, आणि दुसऱ्या जातीचा बसवला तर कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हवर चौकोनी सेन्सर दिसला की समजावं, गाडी या घराण्यातली आहे. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडमध्ये तेच यंत्र चार्जही करतं आणि इंजिन सुरूही करतं. पूर्ण हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांत तर अल्टरनेटर नसतोच, मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर १२ व्होल्ट पुरवतो. बॉनेटखाली नारिंगी केबल दिसली तर तिला हातही लावू नका. तो उच्च दाब जीवघेणा असतो. वॉरंटीतली गाडीही अधिकृत सर्व्हिसकडेच न्या.

बाकी जुन्या, साध्या गाड्या आपल्याकडे अजून लाखोंनी धावतात, आणि त्यांचे मालक ठरवलं तर हे काम शिकू शकतात. त्यासाठी एक विनंती आहे. गाडी आज ठीक चालत असेल तर आजच मोजा: सकाळची बॅटरी, इंजिन चालू असताना, सगळा भार टाकून, आणि त्याच भारावर जाड वायर व अर्थिंग यांत पडणारं व्होल्टेज. हे पाच आकडे तारखेसह कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पुढे कधी घाटात लाल दिवा मिणमिणला तर कुठला आकडा हलला ते पाहा. ज्या भागाचा आकडा हलला असेल, पाना तिथेच लावा.